फाटकानंतर अडखळणारी गाडी

वहिनीच्या आईचा उजवा हात मनगटात मोडला, तेव्हा मे महिना होता आणि आमच्या घरी उन्हाळी धानाची मळणी सुरू होती. या दोन गोष्टींचा गाडीशी संबंध आहे, हे घरातल्या मोठ्या माणसांना बऱ्याच उशिरा कळलं. माणसं चौघं होती. बाबा, दादा, वहिनी आणि मी. दादाची मुलगी शिकायला नागपूरला असते.

घर आमगावच्या बाहेर, शेताला लागून आहे. अंगणाच्या एका बाजूला शेड आहे. तिथे ट्रॅक्टर उभा असतो आणि त्याच्या शेजारी गाडी. शेडच्या समोर खळं. मळणीच्या दिवसांत थ्रेशर तिथेच चालतो आणि भूस उडतं. ते कपड्यांत, पाण्याच्या माठावर, भाताच्या पातेल्यात, सगळीकडे सापडतं. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

वहिनीची आई सालेकस्याच्या बाजूला, जंगलाच्या कडेच्या गावात एकटी राहते. हाताला प्लास्टर होतं. तिला वेणी घालता येत नव्हती, पाणी काढता येत नव्हतं. डाव्या हाताने जेवायला तिला लाज वाटायची, म्हणून भाजी आणून देणारी शेजारीण परत गेली की मग ती जेवायची. आमच्याकडे यायला ती तयार नव्हती. लेकीच्या सासरी प्लास्टर घेऊन राहायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळे वहिनीला जावं लागे.

पूर्वी वहिनीचं माहेरी जाणं दादाच्या सवडीवर असे. दादाचं आमगावात बियाणं आणि खतांचं दुकान आहे. हंगामात सवड नसते, हंगाम संपल्यावर वसुली असते. मागच्या हिवाळ्यात वहिनीने गोंदियात क्लास लावून गाडी शिकून घेतली आणि लायसन्स काढलं. घरात याची फार चर्चा झाली नाही. दाराजवळच्या खिळ्यावर गाडीची चावी टांगलेली असायची. ती घेऊन एक दिवस वहिनी निघाली आणि संध्याकाळी परत आली, एवढंच.

गाडी दादाने आदल्या वर्षी घेतली होती. छोटं इंजिन, पेट्रोलवर चालणारं, टर्बो असलेलं. टर्बो म्हणजे काय, हे दादा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. लोक युरिया घ्यायला आलेले असत. ते ऐकून घेत.

मेच्या मध्यावर वहिनीने सांगितलं की गाडी अडखळते.

"अडखळते म्हणजे?" दादा म्हणाला.

"म्हणजे पाय दाबला तर आवाज होते, पन गाडी पुढं जात नाही. मंग थोड्या वेळानं जाते."

"कोनत्या गिअरमधे होती?"

"तिसऱ्या."

"झालं," दादा म्हणाला. त्याच्यापुरता तपास संपला होता.

दादाचं मत असं की टर्बो गाडीला इंजिन फिरतं ठेवावं लागतं. कमी वेगात वरचा गिअर टाकला तर टर्बोला पुरेसा धूरच मिळत नाही आणि गाडी ओढत नाही. हे मत बरोबर आहे. वहिनी दुसऱ्या गिअरमध्ये चालवू लागली. गाडी दुसऱ्यातही अडखळली.

"सकाळी मी गोंदियाले जाऊन येतो, तवा काऊन नाही अडखळत?" दादाने विचारलं. तो पहाटे माल आणायला गोंदियाला जाई आणि ऊन चढायच्या आत परत येई. मग गाडी दिवसभर शेडमध्ये आणि तो मोटरसायकलवर दुकानात. "गाडी तेच, रोड तसाच. फरक कायचा हाय?"

"चालवनाऱ्याचा," वहिनी म्हणाली. "म्हना ना. तोंडात अडकलं काय?"

दादाने शेजारी बसून तिला सकाळी गोंदिया रोडवर चार वेळा गिअर बदलायला लावले. गाडी व्यवस्थित चालली. दादाने याचा अर्थ असा काढला की तो शेजारी असला की वहिनी नीट चालवते.

तरी गाडी गोंदियाला गॅरेजमध्ये नेण्यात आली. मी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात काम करतो, त्यामुळे गाडी सोडण्याचं काम माझ्याकडे आलं. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला. कसलीही चूक नोंदलेली नव्हती. प्लग काढून पाहिले, हवेचा फिल्टर काढून झटकला, त्यातून भूस पडलं. फिल्टर नवीन टाकला. समोर लिंबू-मिरची टांगलेली होती, ती सोडून बाजूला ठेवली, वाकून पुढचा भाग पाहिला आणि लिंबू-मिरची होती तशी परत बांधली. नंतर तो गाडी घेऊन एक चक्कर मारून आला. सकाळचे नऊ वाजले असतील.

"गाडी तो मक्खन है साब," तो म्हणाला. "चलाता कौन है?"

"भाभी."

"हां," तो म्हणाला. मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आता वाटतं, शेवटचा शब्द गाळता आला असता.

यानंतर दुकानातल्या गिऱ्हाइकांनी मतं दिली. एकाने पेट्रोलमधल्या इथेनॉलवर बोट ठेवलं. दादाने पंप बदलला. दुसरा म्हणाला, टर्बो गाडी बाईमाणसासाठी नाहीच, तिला स्कूटी घेऊन द्या. शेजारच्या काकूंनी लिंबू बदलायला सांगितलं. लिंबू बदलण्यात आलं. बाबा ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होते. बाबांनी आयुष्यभर धान पिकवलं आणि ट्रॅक्टर चालवला. त्यांनी यापैकी कशावरही मत दिलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "नव्या गाड्या नाजूकच राहतेत." आणि पानाचा डबा उघडला.

मग फाटकाची गोष्ट घडली.

वहिनीच्या माहेरच्या वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. मालगाड्यांची लाइन आहे. फाटक एकदा पडलं की लवकर उघडत नाही. त्याच्यापलीकडे रस्ता चढाचा आहे आणि चढ संपतो तिथे मोठ्या रस्त्याला मिळतो. त्या दुपारी वहिनी फाटकावर एसी लावून थांबली होती. फाटक उघडलं. चढ चढून तिने मोठा रस्ता ओलांडायला गाडी काढली. मधोमध गाडी अडखळली. डावीकडून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, गाडीच्या अगदी जवळ येऊन थांबला आणि खिडकीतून बाहेर वाकून जे म्हणायचं ते म्हणाला. मग वहिनीची गाडी हलली.

ती आईकडे गेली, तिचे केस धुतले, स्वयंपाक केला आणि संध्याकाळी घरी आल्यावर हे सांगितलं. आवाज न चढवता, क्रमाने सांगितलं. परत येताना गाडी जवळजवळ अडखळली नाही, हेही सांगितलं. ते वाक्य कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खिळ्यावर चावी नव्हती. दादाने ती खिशात ठेवायला सुरुवात केली.

"मी नेऊन देत जाईन," तो म्हणाला. "रविवारी."

"अन् मधी?"

"मधी काय? शेजारीण आहे ना थे."

रविवारी दादाच्या दुकानात कंपनीचा माणूस आला. पुढच्या रविवारी थ्रेशरचा पट्टा तुटला. वहिनी एकदा रेल्वेने सालेकस्यापर्यंत गेली आणि पुढे ऑटोची वाट पाहत उन्हात उभी राहिली. ती पोचली तेव्हा परतीच्या गाडीची वेळ जवळ आली होती. केस धुणं राहून गेलं. फोनवर तिची आई म्हणायची, "नोको येऊ वं इतक्या उन्हात. केस धुतलेच पायजे असं थोडी हाय. मी फडकं बांधून घेतो." वहिनी फोन ठेवायची आणि भांडी घासायची. भांडी आधीच घासलेली असायची.

आमच्या धंद्यात अपघाताची बातमी आली की पहिला प्रश्न काय झालं, दुसरा कुठे, तिसरा केव्हा. कोण चालवत होतं, हे त्यानंतर येतं. आमच्या घरी हा एकच प्रश्न विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना आवडलं होतं. मी एकदा जेवताना दादाला म्हटलं की तू सकाळी चालवतोस आणि ती दुपारी, हा फरक कोणी मोजला नाही.

"दुपारी काय गाडी झोपते?" दादा म्हणाला.

वहिनी वाढत होती. तिने वरणाचं पातेलं खाली ठेवलं. "मंग आज दुपारी चला," ती म्हणाली. "तुमीच चालवा. मी बाजूले बसतो. मायकडे तांदूळ पोचवाचा हाय, भाऊजी कट्टा उचलतीन. काम का काम होईन."

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबा भात कालवत होते.

त्या दुपारी आम्ही तिघं निघालो. मी मागे, तांदळाच्या पोत्याजवळ. ऊन असं होतं की रस्त्यावर एक शेळीसुद्धा नव्हती. फाटकापर्यंत गाडी बऱ्यापैकी चालली. दादा दोनदा म्हणाला, "पाहून राहिली ना?" वहिनी समोर बघत होती.

फाटक पडलेलं होतं. दादाने एसी लावून गाडी उभी केली. एक मालगाडी गेली. फाटकवाला उठला नाही, कारण उलट्या बाजूने दुसरी येत होती. पुढच्या बाजूला रेडिएटरचा पंखा घरघरत होता, थांबायचं नाव नव्हतं. एसीची हवा हळूहळू कोमट झाली. दादाने हवा येते तिथली पाती आपल्याकडे वळवली, मग वहिनीकडे वळवली, मग काच थोडी खाली केली. आंब्याची टोपली घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली, "पाच मिनिट लागतीन अजून." तिला रोजचा अनुभव असावा. तेवढाच वेळ लागला.

फाटक उघडलं. दादाने पहिला टाकला, रूळ ओलांडले, दुसरा टाकला आणि चढावर पाय दाबला.

इंजिनाचा आवाज वाढला. गाडीचा वेग वाढला नाही. मागून मोटरसायकलवाल्याने हॉर्न दिला. दादाने पाय आणखी दाबला. गाडीने थोडा विचार केला आणि मग एकदम झटका देऊन निघाली. मोठ्या रस्त्यापाशी दादाने ती बाजूला घेऊन थांबवली.

मग वहिनी म्हणाली, "आता तर माझा पाय इकडं हाय."

"पेट्रोल खराब असन."

"पंप बदलवले ना तुमी."

"फाटकावर लई वेळ उभी राहिली. गरम झाली."

"अन् मी काय फाटकावरून उडून जात होती?"

दादाने गाडी सुरू केली. पुढच्या वाटेवर तो गिअरबद्दल काही बोलला नाही.

वहिनीच्या आईने जावयाला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला, डाव्या हाताने. जावयासमोर डावा हात नको म्हणून मग तो हातही पदरात घेतला आणि चहा वहिनीने केला. नंतर वहिनीने तिला मागच्या अंगणात पाटावर बसवलं आणि केस धुतले. केसांत भूस नव्हतं, पण आठवड्यांची धूळ होती. आम्ही दोघं मोहाच्या झाडाखाली गाडीचं बॉनेट उघडून उभे होतो. आत सगळं जागच्या जागी होतं. दादा एका रबरी नळीला हात लावायला गेला आणि हात झटकून मागे आला. चटका बसला होता.

"हवेची नळी हाय," तो म्हणाला. "इतकी काऊन तापली?"

हा त्याने गेल्या महिनाभरात विचारलेला पहिला खरा प्रश्न होता.

उन्हं उतरल्यावर निघालो. येताना फाटक उघडं होतं. गाडी नीट चालली.

घरी पोचलो तेव्हा थ्रेशर बंद झाला होता आणि बाबा ट्रॅक्टरची जाळी साफ करत होते. आमच्याकडे मळणीच्या दिवसांत प्रत्येक ट्रॅक्टरच्या तोंडाला बारीक जाळी बांधतात. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर भूस येतं, ते रेडिएटरमध्ये भरतं आणि इंजिन तापतं. जाळी असली की भूस बाहेरच अडकतं. मग रोज संध्याकाळी जाळी सोडायची, आपटायची, खराट्याने झाडायची आणि परत बांधायची. बाबा हे काम कोणाला करू देत नाहीत.

गाडी ट्रॅक्टरच्या शेजारी उभी राहिली. वहिनी उतरली आणि तिथेच थांबली. तिने बाबांच्या हातातल्या जाळीकडे पाहिलं. जाळीवर भुसाचा थर होता, चादरीसारखा. मग ती गाडीच्या पुढे आली, खाली बसली, लिंबू-मिरची बाजूला केली आणि खालच्या बाजूच्या काळ्या पट्ट्यांमधून बोट आत घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला भूस लागलं होतं.

सासऱ्याला आमच्याकडे सुना मामाजी म्हणतात. "मामाजी," वहिनी म्हणाली, "याच्या आत हे काय हाय?"

"जाळी," बाबा म्हणाले.

"कोनं बांधली?"

"मीनंच बांधली. मळणी लागली तवा. इतका भूस उडते, नव्या गाडीत जाईन ना."

दादा खाली बसला आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. पट्ट्यांच्या मागे काळी जाळी होती. चारही कोपऱ्यांत बारीक तारेने ताणून बांधलेली, कुठे सुरकुती नाही, तारेचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. भुसाने ती जवळजवळ बुजली होती.

"बाबा, काऊन सांगतलं नाही?"

"विचारलं कोनं?" बाबांनी ट्रॅक्टरची जाळी खांबावर आपटली. "तुमी गिअरचं इचारून राहिले होते."

"अन् ट्रॅक्टरची रोज साफ करता, मंग हिची?"

"तुमची गाडी हाय, तुमी धुता. मले वाटलं, करत असान." त्यांना खरोखर तसं वाटलं होतं. गाडी धुताना दादा बाहेरून पाणी मारायचा. त्याने भूस जाळीत आणखी घट्ट बसायचं.

दादाने तिथूनच गोंदियाच्या मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो सगळं ऐकून म्हणाला, "अरे साब, वो जाली? मैंने देखी थी. इतनी सफाई से लगी थी, मैं समझा कंपनी की है." मग त्याने समजावून सांगितलं. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. ती थंड करायला समोर रेडिएटरसारखाच एक छोटा भाग असतो, त्याला वारा लागतो. वारा अडला की तापलेलीच हवा इंजिनात जाते आणि गाडीतला कॉम्प्युटर इंजिन वाचवायला ताकद कमी करतो. सकाळी थंड असतं म्हणून चालून जातं. दुपारी, एसी लावून फाटकावर उभं राहिलं की नाही. "गाडी में खराबी थी ही नहीं," तो म्हणाला. "वो तो अपने को बचा रही थी."

बाबांनी हे ऐकलं. जाळीची कल्पना चुकीची होती, हे त्यांनी तेव्हा मानलं नाही आणि आजही मानत नाहीत. ट्रॅक्टरला चालते ती गोष्ट गाडीला का चालू नये, हा त्यांचा मुद्दा आहे. पण पक्कड त्यांनीच आणली. आडवं पडून एकेक तार सोडवली आणि जाळी बाहेर काढली. तिच्यातून निघालेलं भूस घमेल्यात मावलं. वहिनी उभी राहून बघत होती.

"पोरी, तुले बोल लागला," बाबा उठताना म्हणाले, तिच्याकडे न बघता. त्यांच्या बाजूने एवढंच.

गाडी मळणी संपेपर्यंत घराच्या मागे, कडुनिंबाखाली उभी करायचं ठरलं. सोडवलेली जाळी बाबांनी फेकली नाही. दुसऱ्या दिवशी ती कूलरच्या मागच्या बाजूला बांधलेली दिसली. कूलर हवा कमी फेकू लागला. यावेळी तपास लवकर संपला.

वर्तमानपत्रात चूक छापली गेली तर दुरुस्ती आतल्या पानावर, लहान अक्षरात येते. दादाची दुरुस्तीही तशीच आली. त्याच रात्री जेवण झाल्यावर खिळ्यावर चावी परत आली. वहिनीने ती पाहिली आणि झोपायला गेली.

सकाळी दादा गोंदियाला जाऊन आला. दुपारी, ऐन उन्हात, वहिनीने चावी घेतली. दादा दुकानातून जेवायला आला होता.

"फाटकावर एसी बंद ठेवजो," तो म्हणाला.

"काऊन?"

"तसंच," तो म्हणाला.

वहिनीने गाडीत बसून काच वर केली. आम्हाला एसी सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला.

संध्याकाळी ती परत आली. हाताला शिकेकाईचा वास होता. गाडी कुठे अडखळली का, असं कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आईच्या प्लास्टरबद्दल सांगितलं, अजून काही आठवडे राहणार होतं. शेजारणीने पाठवलेले आंबे काढून ठेवले. मग तिने चावी खिळ्यावर न टांगता आपल्या पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

प्लास्टर निघालं, मळणी संपली, गाडी शेडमध्ये परत आली. चावी अजून पर्समध्येच असते. खिळ्यावर बाबा आता टोपी टांगतात. सकाळी दादाला गोंदियाला जायचं असतं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून चावी मागतो. वहिनी हात पुसते, पर्स शोधते आणि देते.